मिरग लागला, मंग तो दिसत काहून नाही?

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, काहून म्हणजे का. प्रश्न विचारणारी मुलगी नववीत जाणार होती. घर यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात, शेती कोरडवाहू, पीक कापूस आणि तूर. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे उन्हाळा लांबतो. त्या मोकळ्या दिवसांत आम्ही काही शिक्षक गावात संध्याकाळचा वर्ग घेतो. अभ्यासक्रम नाही. मुलांनी मनातला प्रश्न एका वहीत लिहायचा आणि त्यावर सगळ्यांनी मिळून डोकं चालवायचं. आकाश, यंत्रं, गणित, काहीही चालतं. बरेचसे प्रश्न त्याच संध्याकाळी मिटतात. हा मात्र पुढची होळी होऊन गेली तरी पुरला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

वहीतली ओळ अशी: "परवा मिरग लागला म्हणतात. मी राती पायलं. मंग तो दिसत काहून नाही?"

तिनं खरोखरच पाहिलं होतं. जूनमध्ये आमच्याकडं घरात झोप लागत नाही, बाजा अंगणात निघतात. जेवणं झाल्यावर, मधे जाग आली तेव्हा आणि पुन्हा पहाटे तिनं आकाश धुंडाळलं होतं. मृग तिला चांगला ओळखता येत होता. चार कोपऱ्यांना चार तारे, मधे एका ओळीत तीन, आणि त्या ओळीच्या रोखानं खाली गेलं की झगझगीत व्याध. हिवाळ्यात शाळेच्या आकाशदर्शनात ती हे शिकली होती. म्हणजे निरीक्षण पक्कं होतं, आणि पंचांगही खोटं बोलत नव्हतं. अडचण या दोन्हींच्या मधे कुठेतरी होती.

आधी मिळालेली उत्तरं

वर्गात येण्याआधी तिनं तिघांना विचारून पाहिलं होतं. एकानं सांगितलं, ढग असतील. पण त्याच रात्री बाज स्वच्छ दिसत होती, हे तिनं तिथल्या तिथं सुनावलं. (सप्तर्षींना गावात बाज म्हणतात. बाजेचे चार पाय आणि मागं तीन चोर.) दुसऱ्यानं मोबाइलवर आकाशाचं अ‍ॅप उघडलं, भरदुपारी सूर्याच्या दिशेला धरलं, सूर्याच्या जवळच मृग उमटला. "पाय, दिवसा रायते तो," म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला. तिसरे शिकलेले गृहस्थ होते. नक्षत्र लागणं वगैरे सगळी अंधश्रद्धा आहे, विज्ञान शिकणाऱ्या पोरीनं असलं काही विचारू नये, असं त्यांनी समजावलं.

दुसरं उत्तर बरोबर होतं, पण त्यानं तिचं काही भागलं नाही. जूनमध्येच दिवसा का आणि जानेवारीत रात्री का, हे अ‍ॅप सांगत नाही. तिसरं उत्तर मला सगळ्यांत महागात पडणारं वाटतं. पोरीनं विचारलं खगोलाचं आणि ऐकलं व्याख्यान. मिरग लागणं हा सूर्य आकाशात कुठे आहे याचा हिशेब आहे, आणि तो हिशेब चोख आहे. त्या नक्षत्रात पाऊस किती पडेल, हा वेगळा दावा. दोन्ही पंचांगाच्या एकाच पानावर छापलेले असतात म्हणून ते पानच फाडून टाकलं, तर त्यातलं खरं गणितही जातं आणि घरच्या म्हाताऱ्यांशी बोलणंही तुटतं. म्हणून अशा प्रश्नातला मोजून तपासता येणारा धागा आधी सुटा करावा आणि तपासायचं काम विचारणाऱ्याच्याच हाती द्यावं, असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्याच बेतानं झालं.

उत्तर देण्याऐवजी तिला आधी चित्र काढायला सांगितलं. तुझ्या मते मिरग लागतो म्हणजे काय होतं? तिनं घर काढलं, घरावर आकाश, आणि पूर्वेकडून पाहुण्यासारखा चालत येणारा सात ताऱ्यांचा मृग. त्याच्या मागोमाग ढग. चित्रात सूर्य नव्हताच. सगळी गोची त्या कोऱ्या जागेत होती. नक्षत्र म्हणजे रात्र, हे डोक्यात इतकं घट्ट असतं की या गोष्टीत सूर्याचं काही काम असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

मैदानावर

दुसऱ्या दिवशी चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सत्तावीस नक्षत्रांच्या पाट्या केल्या. शाळेच्या मैदानात मधोमध स्टूल, स्टुलावर बॅटरीचा दिवा, तो सूर्य. दोरी धरून बारा पावलं त्रिज्येचं वर्तुळ आखलं. आता सत्तावीस पाट्या सारख्या अंतरावर कशा लावायच्या? इथं वर्तुळाच्या परिघाचं सूत्र पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं. 2 × 22/7 × 12 म्हणजे सुमारे 75 पावलं. भागिले 27 केलं की तीन पावलांना थोडं कमी. तेवढ्या अंतरावर तुराट्या रोवल्या आणि त्यांना पाट्या बांधल्या. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा असा क्रम वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेनं लावायचा, नाहीतर पुढं सगळं उलटं चालतं.

मुलगी झाली पृथ्वी. दिव्याभोवती तीन पावलांवरून तिनं चालायचं, तेही घड्याळाच्या उलट. (पृथ्वीचं वर्तुळ लहान ठेवावं. मोठं केलं की पाट्या जवळ-लांब होतात आणि मुलं त्यातच अडकतात.) थांबायचं, दिव्याकडे तोंड करायचं आणि दिव्याच्या मागं कोणती पाटी दिसते ते ओरडून सांगायचं. "रोहिणी!" म्हणजे आज सूर्य रोहिणीत. जेमतेम पाऊलभर पुढे. "मिरग!"

तिथंच तिला थांबवलं आणि म्हटलं, आता जागेवरच डावीकडून वळ, दिव्याकडे पाठ होईपर्यंत. ही तुझी मध्यरात्र. समोर काय आहे?

समोर ज्येष्ठा आणि मूळ होते. मृग पाचवा, ज्येष्ठा अठरावी. वर्तुळात बरोबर पलीकडे. ती मान वळवून मृगाची पाटी शोधू लागली. पाटी तिच्या पाठीमागं होती, दिव्याच्याही पलीकडं, आणि दिव्याच्या झोतात अक्षरंही वाचता येत नव्हती. मी काही बोललो नाही. पृथ्वीला अर्धी फेरी मारून पलीकडे जायला सांगितलं. आता दिव्यामागं ज्येष्ठा, आणि पाठ केली की समोर मृग. "हा डिसेंबर," असं एका लहान पोरानंच सांगितलं.

त्या रात्री आकाश जरा मोकळं होतं. अकराच्या सुमाराला दक्षिणेला विंचवाच्या छातीतला तांबूस तारा, ज्येष्ठा, सगळ्यांनी पाहिला. मैदानावरच्या पाटीचा आकाशातला जोडीदार सापडल्यावर गलका झाला.

मग खरा अवघड प्रश्न आला, तोही वर्गात कधी न बोलणाऱ्या एका मुलाकडून: "सूर्य रोयनीत जाते म्हंजे रोयनीपाशी जाते का?" जात नाही. आपल्या ओट्यावरून पाहिलं तर सकाळचा सूर्य शेजाऱ्याच्या निंबाला टेकलेला दिसतो, तशी ही नुसती नजरेची रेघ आहे. सूर्याचा प्रकाश आपल्याला सव्वाआठ मिनिटांच्या आसपास गाठतो, रोहिणीच्या ठळक ताऱ्याचा 65 वर्षांनी. या मुलीची आजी लहान असताना निघालेला प्रकाश आज पोचतो आहे. मृगाच्या डोक्यातला तारा त्याहूनही कितीतरी लांब, हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडं. सूर्य कुठं जात नाही. आपण त्याच्याभोवती फिरतो, म्हणून त्याच्यामागची पाटी बदलते.

हिशेब मुलांनीच केला. वर्तुळाचे 360 अंश भागिले 27, म्हणजे एका नक्षत्राला 13 अंश 20 कला. वर्षाचे 365 दिवस भागिले 27, म्हणजे साडेतेरा दिवस. मग घरून पंचांग आलं. रोहिणी 25 मे, मृग 7 किंवा 8 जून, आर्द्रा 21 किंवा 22 जून. मधले दिवस बोटांवर मोजले, कुठं तेरा, कुठं चौदा. पंचांग आणि भागाकार जुळले तेव्हा पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होते. शाळेच्या पुस्तकातलं गणित घरच्या खिळ्याला टांगलेल्या पंचांगात सापडेल, अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

आबाजींची तिफन

मैदानावर जे झालं ते मॉडेल होतं. ते आकाशाशी जुळतं का हे पाहायला वर्षभर मृगावर नजर ठेवावी लागते, आणि पावसाळा तोंडावर होता. मुलीला विचारलं, घरी रात्री जागणारं कोण आहे? तिचे आजोबा. रानडुकरं पीक ठेवत नाहीत, म्हणून मळ्यावर जागलीला जाणं त्यांचं जन्मभराचं काम. ते संध्याकाळी ओट्यावर भेटले.

"आबाजी, मिरग तुम्ही कधी पाहता?"

"मिरग कोण पायते जी, तो तं लागते," आबाजी म्हणाले. नातीनं मातीत काडीनं सात तारे काढले. त्यांनी मधल्या तिघांवर बोट ठेवलं. "हे आमची तिफन होय." (तिफन म्हणजे तीन दात्यांचं पेरणीचं अवजार.)

घरात दोन माणसं त्याच ताऱ्यांकडं पाहत होती, एक शाळेतून आणि एक जागलीच्या माळ्यावरून, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. मग आबाजींना फक्त विचारत गेलो आणि मुलगी लिहीत गेली. तिफन पोळ्याला कुठं? पहाटे चारला उगवतीकडं, निम्म्या आभायात. दिवाळीला? जेवणं झाली की थोड्या वेळानं निघते. तूर फुलावर असताना? मध्यरातीला माथ्यावर. होळीला? होळी पेटवताना माथ्यापाशी, जराशी दक्षिणेला. अक्षय्य तृतीयेला? मावळतीकडं कासराभर वर. आणि त्यानंतर?

"मंग बुडते. पेरणीच्या टायमाले तिफन वावरात उतरते, तवा आभायात कशी दिसन?"

आबाजींचं कारण आमच्या कारणाहून निराळं आहे, पण निरीक्षणात एका तसूचाही फरक नाही. मी नंतर गणित करून पाहिलं. होळीच्या सुमाराला संध्याकाळी साडेसातला मृग मध्यावरून नुकताच कललेला असतो. एप्रिलअखेर त्याच वेळी तो पश्चिमेला 25 अंशांच्या आसपास राहतो, आणि मेच्या मध्यानंतर संधिप्रकाशात हरवतो. जुलैच्या उत्तरार्धात तो पहाटे पूर्वेला परततो, पण तेव्हा आमच्याकडं आभाळ गच्च असतं, म्हणून म्हाताऱ्यांच्या आठवणीत तो पोळ्यालाच उगवतो.

मुलीनं त्या तक्त्यावरून स्वतः एक गोष्ट काढली. पोळ्याला पहाटे निम्म्यावर, दिवाळीला जेवणानंतर उगवती, होळीला संध्याकाळीच माथ्यावर. म्हणजे तारे दर महिन्याला लवकर लवकर येतात. किती लवकर? 24 तास भागिले 12 महिने, दोन तास. रोज किती? 120 मिनिटं भागिले 30, चार मिनिटं. तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो हे वाक्य पुस्तकात ठळक छापलेलं असतं. तिनं ते आजोबांच्या आठवणीतून भागाकार करून मिळवलं. मला तर पुस्तकातल्यापेक्षा हेच जास्त भरवशाचं वाटलं, कारण विसरलं तरी ती ते पुन्हा काढू शकते.

पुढं पोळ्याच्या पहाटे तिनं उठून तिफन पाहिली, आणि होळीला पुन्हा. दोन्ही नोंदी वहीत आहेत.

बेडूक रत्नागिरीतही बेडूकच

आता पंचांगाच्या पानावरचा दुसरा धागा. मुलांनीच विचारलं, कारण त्या वर्षीच्या मिरगाच्या वाहनावरून गावात पैजा लागल्या होत्या. नक्षत्र लागताना सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकीवरून वाहन ठरवायचं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला.

इथं मी खोटं किंवा खरं असं काहीच म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की हे गणित सूर्य-चंद्रावरून होतं. मग त्याच दिवशी रत्नागिरीचं वाहन कोणतं? क्षणभर शांतता, मग दोन-तीन आवाज एकदम: "तेच!" रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, यवतमाळला हजाराच्या आसपास. वाहन दोन्हीकडं एकच. राजस्थानातल्या वाळवंटातही तेच. यापुढं काही बोलावं लागलं नाही. पाऊस ठरवणारी गोष्ट, ती कोणतीही असो, गावागणिक बदलली पाहिजे, हे त्यांचं त्यांनीच म्हटलं.

पण मिरगाचा आणि पावसाचा काही संबंधच नाही, असंही मी म्हणू दिलं नाही. मृगाची तारीख सूर्यावरून ठरते, ऋतूही सूर्यावरून ठरतो, म्हणून दोन्ही बरोबर चालतात. मोसमी पाऊस केरळात 1 जूनच्या आसपास येतो आणि विदर्भात साधारण जूनच्या मध्याला. म्हणजे आमच्याकडं मृगाच्या पहिल्या आठवड्यात पडतो तो पुष्कळदा वळवाचा असतो. त्या पावसाला मोसमी समजून सरकी टोबली की दुबार पेरणी गळ्यात. कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो ते यासाठीच. मुलांनी सरळ भिंतीची, सपाट बुडाची बाटली कापून, तिला मोजपट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला आणि तो मुलीच्या अंगणात, पन्हाळीपासून लांब, उघड्यावर ठेवला. बाटलीच्या तोंडाचा आणि बुडाचा व्यास सारखा हवा, नाहीतर मोजणी चुकते. यावर एक आख्खी संध्याकाळ वाद झाला आणि घनफळाचा धडा त्यात उरकला.

आबाजींनी बाटलीकडं पाहिलं, काही बोलले नाहीत. ओल वीतभर गेली का हे त्यांनी वावरात हात घालूनच पाहिलं, आणि थोडी धूळपेरणी तर आधीच करून टाकली होती. बाटली नातीची, वावर त्यांचं. मला त्यात ढवळाढवळ करायची नव्हती.

उरलेले प्रश्न

एका प्रश्नाचं उत्तर त्या उन्हाळ्यात मुद्दाम दिलं नाही. मृग कायम 7-8 जूनलाच लागतो का? नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार संथ डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं असतं. साधारण 71-72 वर्षांत एक दिवस. मकरसंक्रांतही याच ओढीनं हळूहळू पुढं सरकते आहे. सोळा-सतराशे वर्षांपूर्वी सूर्य मृगात मेच्या मध्याला शिरत असे, आणि ऋतू मात्र तेव्हाही आपल्या जागी होते. आस फिरणं मैदानावर दाखवता येतं, पण पाट्यांचा खेळ पुरता मुरला नसेल तर मुलं दिवसाचं फिरणं, वर्षाचं फिरणं आणि हे तिसरं, तिन्हींची खिचडी करतात. म्हणून ते पुढच्या वर्षी.

होळीच्या नोंदीनंतर मुलीनं वहीत नवा प्रश्न लिहिला: मिरग तारखेला बांधलेला, मग होळीची तारीख दरवर्षी काहून बदलते? चंद्राचे बारा महिने म्हणजे 354 दिवस, अकरा दिवसांची तूट, ती तीन वर्षांत महिन्याएवढी होते आणि अधिक महिना टाकून भरून काढतात, इथपर्यंत ती पंचांगातून स्वतःच पोचली होती. तिला हवं होतं ते हे, की तारीख आणि तिथी पुन्हा कधी जुळतात. तिला दोन आकडे दिले. 19 वर्षांत सात अधिक महिने येतात, आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंत 29.53 दिवस. तिनं 19 गुणिले 12, अधिक 7, असे 235 महिने काढले आणि गुणाकार केला: 6939.55. मग 19 गुणिले 365.25: 6939.75.

"सर, पाव दिवसाचाबी फरक नाही."

घरी कपाटात जुनी कॅलेंडरं जपून ठेवलेली होती, दुधाचे आणि मजुरीचे हिशेब त्यांवर असतात म्हणून. 2006 ची धुळवड 15 मार्चची निघाली, 2025 ची 14 मार्चची. एक दिवस कुठं गेला, यावर आता वर्गात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो पौर्णिमा कोणत्या दिवशी किती वाजता लागली ते पाहावं लागेल, दुसरा म्हणतो गुणाकार चुकला. पहिल्या तटानं दोन्ही वर्षांच्या कॅलेंडरांची फाल्गुनाची पानं मागवली आहेत.